पाळणा हलत नसेल तर

लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच होटगीसारख्या गावात विचारणा सुरू होते. आधी सासू, मग शेजारीण, मग जत्रेला आलेली लांबची आत्या. "काय गं, काही बातमी?" विचारायचे ते सुनेला, मुलाला कुणी विचारीत नाही. आपल्या या सीमेवरच्या मुलखात घरोघर दोन भाषा चालतात. मूल नसलेल्या बाईला मराठीत वांझ म्हणतात, कानडीत बंजे. मूल नसलेल्या पुरुषासाठी मात्र असा सर्रास शब्द कानी पडत नाही. शब्द नाही म्हणून दोषही नाही, असे आपण धरून चालतो. वैद्यकाचे म्हणणे निराळे आहे. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा बाईकडच्या कारणाबरोबर, सापडते.

आता घाई केव्हा करावी आणि धीर केव्हा धरावा? पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी स्त्रीचे बीज सुटते आणि ते फार तर एक दिवस टिकते. पुरुषाचे शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे महिन्यातले दिवस असे सहाच. नवरा पुण्याला कामाला आणि सणावारी दोन दिवस घरी, अशा जोडप्याला वर्षात मूल राहिले नाही तर त्याला वंध्यत्व म्हणणे अन्यायाचे होईल. एकत्र राहून नियमित संबंध असणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी चौऱ्याऐंशीच्या आसपास जोडप्यांना पहिल्या वर्षात दिवस जातात. उरलेल्यांपैकी निम्म्यांना दुसऱ्या वर्षात. म्हणून डॉक्टर एक वर्ष वाट पाहायला सांगतात. बाईचे वय पस्तिसापुढे असेल तर सहाच महिने, कारण बीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो व वयाबरोबर घटतो.

काहींनी मात्र मुळीच थांबू नये. पाळी दोन-दोन महिने येत नाही, पाळीत असह्य वेदना होतात, ओटीपोटाची शस्त्रक्रिया किंवा पूर्वी क्षय झालेला आहे, अशा बाईने लगेच जावे. क्षय फुप्फुसाचाच असतो असे नाही. तो गर्भनलिकांतही शिरतो आणि खोकला नसतानाही त्या बंद करतो. औषधाने रोग बरा होतो, पण खराब झालेली नलिका मोकळी होईलच असे नाही. उशिराची किंमत ती ही. पुरुषाचे म्हणाल तर, लहानपणी अंड खाली न उतरलेला किंवा मोठेपणी गालगुंडात अंडाला सूज आलेला, यांनीही वाट पाहू नये.

आणि जायचे ते दोघांनी. वीर्याची तपासणी सर्वांत सोपी. दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यायचा, झाले. तरी बाईच्या साऱ्या तपासण्या होतात, तिला उपास-नवसही घडतात, आणि ही एक राहून जाते. "मी काय नामर्द आहे?" हा त्यातला अडसर. अहो, नामर्दपणा वेगळा आणि शुक्रजंतू कमी असणे वेगळे! धडधाकट पहिलवानाच्या वीर्यातही एक जंतू नसू शकतो. उलट शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या सुयांनीच जंतू बनणे थांबते. एक तपासणी बिघडली म्हणून खचू नये. जंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. मध्यंतरी कडक ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

हे मास्तराने का सांगावे, असे कुणी म्हणेल. रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचेच प्राध्यापक होते. १९२७ ते १९५३ त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि ज्या गोष्टी घरात कुणी बोलत नसे त्या छापल्या. आज गावातल्या शिक्षकाने एवढे केले तरी पुरे: मूल नाही म्हणून दुसरे लग्न काढणाऱ्या घरी जाऊन मुलाची तपासणी झाली का ते विचारावे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पहिली बायको असताना दुसरी करता येत नाही, आणि केवळ मूल नाही हे घटस्फोटाचे कारणही नाही.

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून करावी. पुढे सोलापूरचे सरकारी रुग्णालय आहे. सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा लिहून न्याव्यात, जुने कागद टाकू नयेत. बहुतेकांचे काम औषधावर किंवा लहान उपचारावर भागते. नळीतल्या गर्भधारणेची वाट शेवटची. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून १९८६ साली असे मूल जन्मले. आता गल्लोगल्ली पाट्या दिसतात. २०२१ च्या कायद्याने अशा केंद्राला नोंदणी सक्तीची आहे. शेत गहाण टाकण्याआधी नोंदणीचा दाखला पाहायला मागावा.