भौतिकोपचार : मागणी मोठी, मंजूर पदे थोडी

तंजावरच्या धन्वंतरी महालात द्वितीय सरफोजी राजांनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) निरनिराळ्या उपचारपद्धतींचे वैद्य एकत्र आणले होते. आज त्याच नगरात १९५९ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. भोवताली कावेरीच्या खोऱ्यातील भातशेती. तासन् तास वाकून लावणी करणाऱ्यांची कंबर आणि गुडघे, पक्षाघातातून सावरणारे वृद्ध, अपघातानंतर पुन्हा चालू पाहणारे तरुण, अशा सर्वांना भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, हवी असते. परंतु रुग्णांची गरज आणि उपचारकाचे वेतन यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. तंजावरच्या मराठी कुटुंबातील असो वा नागपूरच्या, या शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने हे आधी जाणून घ्यावे.

भारतातील या शिक्षणाचा आरंभ १९५० च्या दशकात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात झाला. पोलिओग्रस्त मुलांचे पुनर्वसन ही त्यामागील मोठी निकड होती. पदवी अभ्यासक्रम दीर्घकाळ साडेचार वर्षांचा होता. २०२५ च्या राष्ट्रीय आराखड्यात तो एक वर्षाच्या आंतरवासितेसह पाच वर्षांचा करण्यात आला. महाराष्ट्रात प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होऊ लागले, तर तामिळनाडूत अनेक वर्षे बारावीचे गुण ग्राह्य धरले गेले.

वेतनाचे स्पष्ट चित्र रेल्वेच्या भरतीत दिसते. २०२४ च्या जाहिरातीत भौतिकोपचारकाचे पद सातव्या वेतन आयोगाच्या सहाव्या स्तरावर, ३५,४०० रुपये मूळ वेतनाचे होते. त्याच जाहिरातीत परिचर्या अधीक्षकाचे पद सातव्या स्तरावर, ४४,९०० रुपयांचे होते. भत्ते वेगळे. शिवाय देशभराच्या रेल्वेसाठी भौतिकोपचारकांच्या जागा मोजक्याच होत्या. खरी अडचण येथे आहे : वेतनश्रेणी वाईट नाही, पदेच थोडी आहेत.

त्यामुळे बहुतेक पदवीधर खाजगी क्षेत्रात जातात. लहान रुग्णालयात आरंभीचा पगार बेताचा असतो. काही ठिकाणी ठरावीक पगाराऐवजी रुग्णशुल्कातील हिस्सा मिळतो. घरोघरी जाऊन उपचार करणाऱ्याचे उत्पन्न ओळखी वाढतील तसे वाढते, पण त्याला रजा नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. अस्थिरोग, मज्जासंस्था किंवा क्रीडा या विषयांतील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी अध्यापनाचे दार उघडते. परदेशी जाणाऱ्यांना स्थानिक नोंदणी आवश्यक असते. अमेरिकेत शिक्षणाचे मूल्यमापन आणि त्यानंतर परवाना परीक्षा.

व्यवसायाच्या मान्यतेचा प्रश्नही दीर्घकाळ रेंगाळला. महाराष्ट्राने २००२ मध्ये राज्य परिषदेचा कायदा केला. संपूर्ण देशासाठीचा कायदा २०२१ मध्ये आला. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने भौतिकोपचारकांनी नावापुढे 'डॉक्टर' लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. उपाधीचा हा वाद गाजला; नव्या पदांच्या मंजुरीची चर्चा तितकी झाली असती तर बरे झाले असते.

प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाची मान्यता, विद्यापीठाची संलग्नता आणि स्वतःच्या रुग्णालयातील रुग्णसंख्या या तीन गोष्टी प्रत्यक्ष पाहाव्यात. रुग्णच नसलेल्या महाविद्यालयात हात तयार होत नाही, आणि या व्यवसायात रुग्ण पैसे मोजतो ते हातासाठीच.