चोवीस तुकड्यांचं घड्याळ

२००५ साली जपानच्या नागोया विद्यापीठात ताकाओ कोंडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परीक्षानळीत तीन प्रथिनं मिसळली आणि पेशीचं इंधन असलेलं एटीपी घातलं. नळीत ना पेशी होती, ना जनुकं, ना उन्हा-अंधाराची खूण. तरीही कायसी या प्रथिनावर फॉस्फेट चढू लागलं, मग उतरू लागलं आणि हा फेरा सुमारे २४ तासांनी पुन्हा पुन्हा पूर्ण होत राहिला. ही प्रथिनं होती सायनोबॅक्टेरियाची, म्हणजे आपण ज्यांना नीलहरित शेवाळ म्हणतो त्या जिवाणूंची. 'काय' हा शब्द जपानी, अर्थ फेरा.

घड्याळ चालताना दिसलं, पण त्याची चाकं किती, हे कळेना. कायए, कायबी आणि कायसी सतत जुळतात, सुटतात. अर्धवट जुळलेले नाना प्रकार नळीत एकाच वेळी असतात. अशा गर्दीचं चित्र धूसरच येणार. आधी मोजदाद हवी.

ती नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात अल्बर्ट हेक यांच्या प्रयोगशाळेनं वजनावरून केली. काचेच्या अतिशय बारीक सुईतून प्रथिनांचं द्रावण विद्युतदाबाखाली मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये फवारतात. थेंबातलं पाणी उडून जातं, विद्युतभारित प्रथिन निर्वातात शिरतं आणि तिथल्या त्याच्या हालचालीवरून वस्तुमान निघतं. खरं कसब फवारा सौम्य ठेवण्याचं. आम्लात प्रथिनांच्या घड्या उलगडतात, जोड्या तुटतात. म्हणून इथे अमोनियम ॲसिटेटचं द्रावण घेतात. जुळलेली प्रथिनं मग जुळलेलीच उडतात.

पुढचा हिशेब बंद पिशवीतली नाणी तराजूवर मोजण्यासारखा. कायसी सुमारे ५८ हजार डाल्टनचं, कायए साडेबत्तीस हजारांच्या आसपास, कायबी जेमतेम साडेअकरा हजारांचं. एकूण वजनात कोण किती वेळा बसतं ते पाहायचं. मिश्रण नेमकं काय आहे याची अशी खात्री झाल्यावरच ते गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेलं. संशोधनाच्या बातम्यांत सूक्ष्मदर्शकाचं चित्र झळकतं आणि वजनकाटा मागे राहतो. मला हा अन्याय वाटतो.

२०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात घड्याळाची पूर्ण जुळलेली रचना आली. रात्री कायबी कायसीच्या कड्याला चिकटतं आणि कायएला अडकवून ठेवतं. कायए मोकळं नसलं की फॉस्फेट चढत नाही, उतरत जातं. कायबी सुटलं की कायए मोकळं होतं आणि फेरा नव्यानं सुरू होतो. कड्यात सहा कायसी, त्यावर सहा कायबी, बाहेर जोडीजोडीनं बारा कायए. एकूण तुकडे चोवीस. दिवसाच्या तासांशी आकडा जुळतो, तो निव्वळ योगायोग.