मागची थप्पी

बँकेत असताना इतवारीतल्या व्यापाऱ्यांची गोदामे तपासण्याचे काम माझ्याकडे असे. कॅश क्रेडिट दिले की तारण माल मोजणे आलेच. एका गोदामात सिमेंटची पोती स्टॉक स्टेटमेंटशी तंतोतंत जुळली. मी सही करणार, तोच एका म्हाताऱ्या हमालाने मागच्या थप्पीकडे बोट दाखवले. पोती दगड झाली होती! नवा माल पुढे लागायचा, पुढचाच विकला जायचा. मागच्याने पावसाळा पाहिला होता.

सिमेंट धान्यासारखेच जपावे लागते. तीन महिने उलटले की ते पुन्हा तपासूनच वापरावे, असा दंडक आहे. पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापतात ते यासाठीच.

नागपुरात २०१३ साली जकात गेली, २०१७ मध्ये जीएसटी आला, २०१८ पासून ई-वे बिल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कारखान्यातून कोणती गाडी किती माल घेऊन निघाली, हे व्यापाऱ्याला आता बसल्या जागी कळते. पण ही नोंद गोदामाच्या दाराशी संपते. आत संगणकाला नुसता आकडा ठाऊक असतो, थप्पी नव्हे. माल उतरवतानाच प्रत्येक थप्पीची तारीख मोबाइलवर चढवली आणि आधी आलेला माल आधी काढला, तरच त्या यंत्राचा उपयोग.

व्यापाऱ्याचा तोटा निदान ताळेबंदात दिसतो. भविष्य निर्वाह निधी काढून स्लॅब टाकणाऱ्याचा कुठे दिसणार? तेव्हा घर बांधायला काढाल, तर भावाची घासाघीस करण्याआधी पोत्यावरचा आठवडा वाचा.