महागडं औषध सरकारने द्यावं का? हिशेब मांडणारं सॉफ्टवेअर काय काय करतं?

समजा, एक नवं औषध जुन्यापेक्षा १२,००० पौंडांनी महाग आहे आणि त्यातून रुग्णाला सरासरी अर्धं वर्ष जास्त मिळतं, तेही ठणठणीत. म्हणजे पूर्ण आरोग्याच्या एका वर्षाचा भाव झाला २४,००० पौंड. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणारी 'नाइस' ही संस्था अनेक वर्षं २० ते ३० हजारांची मर्यादा मानत आली. औषध पास. पण फायदा ०.३ वर्षच निघाला तर? भाव थेट ४०,०००.

मग फायद्याचा आकडा येतो कुठून?

औषधाची चाचणी बहुतेकदा दोन-चार वर्षंच चालते. पुढच्या वीस-तीस वर्षांचं चित्र मॉडेलमधून काढतात, एक्सेलमध्ये किंवा 'ट्रीएज प्रो'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये. साध्या मार्कोव्ह मॉडेलला आठवण नसते. काल आजारी पडलेला आणि पाच वर्षं झुंजणारा, दोघे त्याला सारखेच. मायक्रोसिम्युलेशनमध्ये मात्र प्रत्येक काल्पनिक रुग्णाचा इतिहास लक्षात ठेवला जातो.

सगळ्यात कामाची सोय कोणती?

आमच्या मते, आकडे हजारो वेळा बदलून बघण्याची. मग एकच भाव हातात येत नाही. औषध मर्यादेत बसण्याची शक्यता किती टक्के, ते कळतं. मॉडेल 'आर' या मोफत भाषेत लिहून कोड खुला ठेवला, तर बाहेरच्या जाणकारालाही ते तपासता येतं. आणि तपासायलाच हवं, कारण नाइसपुढे येणारं मॉडेल बहुतेकदा औषध कंपनीनेच बनवलेलं असतं. तिथे स्वतंत्र अभ्यासगट ते उलगडून बघतो.

भारतातही असे हिशेब करण्यासाठी २०१७ मध्ये केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली 'एचटीएइन' ही यंत्रणा उभी राहिली.