एक गळा, शंभर गळे

पुलगांवांतील आमच्या आळींत एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यावरून दोन सज्जनांत मोठाच तंटा माजला. एक तिला घरीं गाणें शिकविणारे बुवा, दुसरे शाळेंत समूहगीत बसविणारे शिक्षक. स्नेहसंमेलनाच्या गीतासाठीं शिक्षकांनीं स्वतःच्या गळ्यास सोयीची काळी एकची पट्टी धरली, आणि आवाज मैदानाच्या टोकापर्यंत पोहोंचावा म्हणून सर्वांना जोर लावावयास सांगितलें. मुलीची पट्टी काळी पांच. तारसप्तकांतील गंधार गांठतां गांठतां आठ दिवसांत तिचा आवाज बसला. आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा तर तोंडावर!

बुवा म्हणाले, समूहगीत तात्काळ बंद. शिक्षक म्हणाले, शंभर मुलांना शंभर षड्ज कोठून द्यावे? आमचा जन्म मास्तरकींत गेलेला. म्हणून मुलीची आई निवाड्यासाठीं आमच्याकडे आली.

हा तंटा कांहीं पुलगांवांत जन्मला नाहीं. पं. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपुढें जुन्या तालमीनें शिकले. त्या तालमींत तंबोरा शिष्याच्या गळ्याप्रमाणें लागतो, आणि खर्जाच्या साधनेंत वर्षें जातात. त्यांनींच ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून वर्गांत गाणें शिकविण्याचा प्रघात पाडला. वर्गांतून गवई निपजत नाहीं, हा आक्षेप तेव्हांपासूनचा आहे व तो अगदींच खोटा नव्हे. म्हणूनच पंडितजींनीं आपणांजवळ राहून शिकणारा उपदेशक वर्ग निराळा ठेविला होता, ही गोष्ट मात्र आक्षेपक सोयीस्करपणें विसरतात.

आम्ही दोघांपुढें शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ ठेवला. तेराव्या शतकांत, यादवांच्या देवगिरीस लिहिलेला हा ग्रंथ. त्यांत गायकवृंदाचें लक्षण आहे: उत्तम वृंदांत मुख्य गायक चार, त्यांस साथ करणारे आठ, गायिका बारा, शिवाय बांसरीवाले व मृदंगवादक चार चार. वृंदाचे गुणही सांगितले आहेत. मुख्य गायकास अनुसरावें, परस्परांत मिसळावें, ताल व लय सोडूं नये, एकाचा स्वर तुटल्यास दुसऱ्यानें तो सांभाळून घ्यावा, तिन्ही स्थानांत आवाज पोहोंचावा, आणि नाद सारखा असावा. या यादींत ओरडणें कोठेंच नाहीं!

शिक्षक प्रथम रागावले. परंतु ‘तुटलेला स्वर दुसऱ्यानें सांभाळावा’ हें त्यांनीं दोनदां वाचावयास लाविलें. बुवांना ‘परस्परांत मिसळावें’ हें पटेना. मिसळण्याच्या नादांत आकार बंद होतो, मुलगी तोंडांतल्या तोंडांत गाऊं लागते, असें त्यांचें म्हणणें. तेंही आम्हांस खोडतां आलें नाहीं.

अखेर मुलीनें चार दिवस मौन पाळावें, आणि पट्टी काळी पांचवर उतरवावी असें ठरलें. आतां आवाज फुटलेल्या वरच्या इयत्तेंतील मुलांना खर्ज जड जातो, म्हणून त्यांचे वडील कुरकुरत आहेत. बुवा संमेलनास आले, शेवटच्या रांगेंत बसले, आणि गीत संपतांच उठून गेले. मुलगी परीक्षेस बसली. निकाल अजून लागावयाचा आहे.