छेद किती, बॉस?

तीन डील क्लोज झाल्या, हे सगळेच सांगतात. किती कॉल केले, ते कोण सांगणार? जिनिव्हाच्या जमिनीखालीही सध्या हाच सवाल आहे!

तीस कॉलमधून तीन डील म्हणजे झक्कास. तीन हजारांतून तीन म्हणजे... जाऊ द्या, अप्रेझलच्या वेळी बघू. शाळेतला अंश-छेदाचा फंडा ऑफिसातही सुटत नाही. आणि सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्येही नाही! जमिनीखाली साधारण शंभर मीटरवर, 27 किलोमीटर घेराच्या बोगद्यात चालणाऱ्या या यंत्रात एक हिशेब असा आहे, की अंश साडेतीनच्या आसपास आणि छेद चक्क एक अब्ज.

जडशीळ पाहुणे

इथे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे प्रोटॉन एकमेकांवर आदळतात. टकरीच्या ऊर्जेतून नवे कण जन्मतात. त्यात कधीमधी जड क्वार्कही असतात. 1974 मध्ये सापडलेला चार्म आणि 1977 मध्ये सापडलेला बॉटम हे त्यातले दोघं. एकटा बॉटमच अख्ख्या प्रोटॉनच्या चौपटीहून जड! पण क्वार्कला एकटं राहवत नाही. तो लगेच जोडीदार पकडतो. क्वार्क आणि अँटीक्वार्कच्या अशा जोडीला मेसॉन म्हणतात. बॉटमवाली जोडी म्हणजे बी-मेसॉन.

संसार मात्र क्षणाचाही नाही. एका सेकंदाचे लाख कोटी तुकडे करा, त्यातले जेमतेम दीड याच्या वाट्याला. तेवढ्यात तो काही मिलिमीटर पळतो आणि फुटतो.

मग मोजायचं कसं? फुटल्यावर उडालेल्या कणांच्या रेषा मागे मागे न्यायच्या. त्या टकरीच्या जागी न मिळता थोड्या बाजूला मिळाल्या, की समजायचं, इथे बी-मेसॉन होऊन गेला. त्यासाठी एलएचसीबी प्रयोगातले सिलिकॉनचे सेन्सर प्रोटॉनच्या झोतापासून पाचेक मिलिमीटरवर नेऊन बसवतात. सॉलिड डेअरिंग!

एवढी उठाठेव कशाला?

बॉटमचा जोडीदार 'स्ट्रेंज' क्वार्क असेल, तर ती जोडी फार क्वचित फुटून फक्त दोन म्युऑन देते. थिअरी म्हणते, अब्जात साधारण साडेतीन वेळा. एखादा अनोळखी कण मध्ये लुडबुडत असेल, तर हा आकडा बदलू शकतो. सीएमएस आणि एलएचसीबी या प्रयोगांनी मिळून ही घटना पकडली आणि 2015 मध्ये 'नेचर'मध्ये छापली.

पण 'अब्जात' म्हणायला आधी असे मेसॉन एकूण किती झाले, ते कळायला हवं. ते थेट मोजणं कठीण. म्हणून नेहमीचे बी-मेसॉन मोजून त्याला प्रमाणाने गुणतात. हे प्रमाण एलएचसीबीने 2021 मध्ये तीन वेगवेगळ्या ऊर्जांचा डेटा एकत्र करून नेमकं काढलं. साध्या चारांमागे स्ट्रेंजवाला साधारण एक. गंमत म्हणजे मेसॉन टकरीतून किती जोरात आडवा फेकला जातो, त्यानुसार हे प्रमाणही थोडं बदलतं. म्हणजे एकच आकडा सगळीकडे चिकटवून चालत नाही. छेद चुकला, तर नसलेला कण 'सापडेल', किंवा असलेला निसटेल. आतापर्यंत तरी अब्जातला तो आकडा थिअरीशी जुळतोय.

आपल्या कुलाब्याची टीआयएफआरही सीएमएसमध्ये आहे, आणि 2017 पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. तेव्हा 'नवा कण सापडला!' अशी हेडलाइन कधी दिसलीच, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा, छेद किती?