वाळ्यांचं वजन

तान्ह्या बाळाला वजनकाट्यावर ठेवलं की पहिले काही क्षण आकडा नुसता नाचत असतो. बाळ पाय झाडतं, काट्याच्या गार स्पर्शाने दचकून हात पसरतं. आई वाकून त्याच्याशी बोलत राहते. मी दोन्ही हात मागे घेते. आकडा स्थिरावला की मोठ्याने वाचते, लिहिते, बाळाला उचलते, काटा शून्यावर आणते आणि बाळाला पुन्हा ठेवते. वजन दोनदा घ्यायचं. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. अंगावर लंगोटसुद्धा ठेवायचा नाही.

जन्मतः हृदयात दोष असलेल्या मुलांसाठीच्या क्लिनिकल ट्रायल्समध्ये मी चौदा वर्षं समन्वयक म्हणून काम करते आहे. बी. फार्म. झाल्यावर मुंबईतल्या एका रुग्णालयात लागले, तेव्हा हे काम म्हणजे कागद सांभाळणं असेल असं वाटलं होतं. काम काय आहे ते मला एका बाळाच्या वाळ्यांनी शिकवलं.

नोकरीला लागून काही महिनेच झाले होते. बाळ तीन महिन्यांचं. दोन आठवड्यांनी तपासणीला आलं, तेव्हा त्याचं वजन आधीच्या भेटीपेक्षा थोडं कमी भरलं. निरोगी बाळ या वयात रोज साधारण वीस ते तीस ग्रॅम वाढतं. हृदय कमकुवत असलेलं बाळ दूध पिता पिता दमतं, घामाघूम होतं, त्याची वाढ मंद असते. पण घट म्हणजे धोक्याची खूण. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली, इको पुन्हा करायचं ठरलं. तेवढ्यात आजीच्या मुठीतले चांदीचे वाळे मला दिसले. मागच्या वेळी ते बाळाच्या पायात होते, या वेळी आजीने आपणहून काढले होते. काट्यावर ठेवले तर बत्तीस ग्रॅम भरले. बाळाचं वजन घटलं नव्हतं, पण फारसं वाढलंही नव्हतं. मागचा आकडा माझ्या हातून चुकीचा लिहिला गेला होता.

जुना आकडा खोडून नवा घालता येत नाही. आमच्याकडे व्हाइटनरला जागाच नाही. चुकलेल्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी कारण, तारीख, सही. मी डॉक्टरांना सांगितलं, फाईलमध्ये चूक लिहून ठेवली आणि त्या दिवशी घरी जाताना लोकलमध्ये एकच विचार घोळत होता. बत्तीस ग्रॅम म्हणजे निरोगी बाळाची एका दिवसाहून जास्त वाढ. औषधाचा डोस वजनावर ठरतो. औषधाने फरक पडला की नाही, हेही पुष्कळदा वजनावरूनच ठरतं.

मुळात ट्रायल कशासाठी करायची? दर हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यांच्यावर जे उपचार होतात, त्यांतले बरेच मोठ्या माणसांच्या अनुभवावरून खाली उतरलेले. मोठ्यांच्या निकामी होत चाललेल्या हृदयाला एनलाप्रिलचा फायदा होतो. मग एकच कप्पा धड असलेल्या तान्ह्या बाळांनाही ते वर्षानुवर्षं दिलं जात होतं. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण फायदा होतो का, हे कुणी मोजलं नव्हतं. अमेरिकेतल्या पीडियाट्रिक हार्ट नेटवर्कने 230 बाळांवर ते मोजलं. निम्म्यांना एनलाप्रिल, निम्म्यांना त्याच्यासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रव. कोणत्या बाळाला काय मिळतंय हे आईबापांनाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही. मुख्य प्रश्न साधा होता: चौदाव्या महिन्यात बाळाचं वजन वयाच्या मानाने किती? 2010 साली उत्तर आलं. फरक नाही. वजनात नाही, हृदयाच्या ताकदीतही नाही.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या 230 बाळांचे वजनकाटे माझ्या डोळ्यांसमोर आले. कुणीतरी प्रत्येक बाळाचा लंगोट सोडला असेल, काटा शून्यावर आणला असेल. तिथे वाळ्यांसारखी चूक झाली असती तर हे उत्तर खरं म्हणून कुणी मानलं असतं?

कामाचा सगळ्यात अवघड भाग मात्र काट्यापाशी नसतो, संमतीच्या खोलीत असतो. खोलीत आई, वडील, बहुतेक वेळा आजी, एखादा मामा. मराठी संमतीपत्र एथिक्स कमिटीने मंजूर केलेलं असतं, पण छापील मराठी आणि बोलण्यातली मराठी यांत अंतर पडतं. ‘वैद्यकीय चाचणी’ म्हटलं की लोकांना रक्त-लघवी तपासायची आहे असं वाटतं. ‘यादृच्छिक’ हा शब्द मी आजवर एकाही आईच्या तोंडून ऐकलेला नाही. मी सांगते, चिठ्ठ्या टाकल्यासारखं आहे, फक्त चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो. मी नाही, डॉक्टरही नाही. आणि मग तो प्रश्न येतो. बीडकडच्या एका आजींनी तो अगदी सरळ विचारला होता.

“म्हंजी माझ्या लेकरावर प्रयोग करून बघणार?”

या प्रश्नाला बगल द्यायची नाही, हे मी स्वतःला घालून घेतलेलं बंधन आहे. “हो आजी,” मी म्हटलं. “दोन्हींतलं बरं कोणतं हे आज कुणालाच ठाऊक नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरांनाही नाही. ठाऊक असतं तर तेच दिलं असतं, तुम्हाला विचारत बसलो नसतो.” नाही म्हटलं तरी उपचारात तसूभर फरक पडणार नाही, मध्येच बाहेर पडलात तरी चालेल, अभ्यासामुळे बाळाला इजा झाली तर उपचाराचा खर्च तुमच्यावर येणार नाही, हे सगळं सांगते. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घ्यायचा असेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर बसवते. बरेच वडील हात जोडून म्हणतात, “तुम्हाला योग्य वाटेल ते करा, म्याडम.” ती संमती मी धरत नाही. मी आईकडे वळते. “ताई, मी आत्ता काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत मला सांगा.” तिला सांगता आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. कधी तास जातो, कधी दुसऱ्या दिवसावर जातं.

डॉक्टरांना खरोखरच ठाऊक नसतं का? याचं उत्तर मला एका मोठ्या अभ्यासाने दिलं. काही बाळांच्या हृदयाची डावी बाजू वाढलेलीच नसते. त्यांच्यावर जन्मानंतर थोड्याच दिवसांत नॉरवूड शस्त्रक्रिया करतात आणि फुप्फुसांकडे रक्त जाण्यासाठी एक बारीक नळी बसवतात. ती धमनीतून काढायची की हृदयाच्या उजव्या कप्प्यातून, यावर निष्णात सर्जनांमध्येही एकमत नव्हतं. उत्तर अमेरिकेतल्या 15 केंद्रांवर 549 बाळांमध्ये ते तपासलं. वर्षभरानंतर हृदय न बदलता जिवंत असलेली बाळं उजव्या कप्प्याच्या नळीच्या गटात 74 टक्के होती, धमनीच्या नळीच्या गटात 64 टक्के. इथेच वही मिटली असती तर उत्तर पक्कं वाटलं असतं. पण मुलांचा पाठपुरावा चालू राहिला आणि पुढच्या वर्षांत हे अंतर कमी होत गेलं. वर्षभरात जिंकलेल्या नळीच्या मुलांना नंतर कॅथेटरचे उपचार जास्त लागले.

म्हणून पाठपुरावा. आणि पाठपुरावा म्हणजे फोन. दिवाळीच्या आसपास आमची काही कुटुंबं ऊसतोडीला निघतात. मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. सिमकार्ड बदलतं, नंबर लागत नाही. शेजारच्या नंबरावर फोन केला तर मुलाच्या हृदयाबद्दल एक अक्षरही बोलता येत नाही, कारण ती गोष्ट त्या कुटुंबाची आहे. “मुंबईच्या ताईंचा फोन होता एवढंच सांगा,” म्हणते आणि वाट बघते. फडावरून, चार्जिंग संपत आलेल्या फोनवरून आईचा आवाज येतो, “ताई, पोरगं बरंय, दूध पितंय.” मी वेळ टाकून लिहून घेते. त्या एका वाक्याने माझा दिवस उजळतो.

काही फोन मात्र रात्री येतात. ही बाळं आधीच नाजूक असतात. त्यातलं एखादं जातं. औषधाचा त्याच्याशी संबंध असो वा नसो, चोवीस तासांत कळवावं लागतं: एथिक्स कमिटीला, प्रायोजकाला, सरकारी नियामकांना. त्या अहवालात बाळाचं नाव नसतं, क्रमांक असतो. जन्मतारीख, वजन, शेवटचा डोस, किती वाजता. मला त्याची हनुवटी आठवत असते, काट्यावर ठेवताना वळलेल्या मुठी आठवत असतात. तरी प्रत्येक रकाना नीट भरते. त्याच्याबद्दलचं शेवटचं खरं मीच लिहिते आहे, त्यात घाई करणं म्हणजे त्याच्याशी खोटं वागणं.

ज्या आजींनी प्रयोगाचं विचारलं, त्यांच्या सुनेने तोवर एक शब्दही काढला नव्हता. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “आणि काहीच फरक नाही निघाला तर? आमचं येणं-जाणं फुकट?”

मी तिला त्या 230 बाळांची गोष्ट सांगितली. त्यांच्या आयांनी महिनोन्‌महिने औषध पाजलं, हेलपाटे घातले, आणि निघालं काय, तर फरक नाही. पण आज असं बाळ जन्मलं की त्या औषधाची बाटली हातात देण्याआधी डॉक्टर थांबून विचार करतो. जे उपयोगाचं नाही ते लेकराच्या पोटात जाऊ नये, हेही त्याला बरं करण्याइतकंच मोलाचं आहे.

ती दोन दिवस विचार करून आली आणि तिने स्वतः सही केली, बॉलपेनाने, सावकाश, अक्षर अन् अक्षर लावत.

पुढच्या भेटीला मी काटा शून्यावर आणला. तिने मी सांगायच्या आधीच बाळाच्या पायांतले वाळे काढले, कमरेचा करदोटा मात्र तसाच ठेवला. सासूबाईंना तो काढलेला चालत नव्हता. मी फाईलमध्ये लिहिलं: करदोट्यासह वजन, दर भेटीत असंच घ्यायचं. मग तिने वाळे माझ्यापुढे धरले.

“ताई, आधी यांचं करा. नंतर घोळ नको.”

अठ्ठावीस ग्रॅम. मी आकडा मोठ्याने वाचला, लिहिला, तारीख टाकली, सही केली. मग बाळाला काट्यावर ठेवलं आणि हात मागे घेतले.